माउस बिघडला की कुठून सुरुवात करायची, आणि नवा घेताना काय दाबून बघायचं

माउस चालेनासा झाला की बहुतेक जण सगळ्यात आधी तो टेबलावर आपटतात. हसू नका, मीही आपटतो. फक्त आपटल्यावर काय झालं ते लक्षात ठेवतो. दोन मिनिटं चालून परत बंद पडला, तर आत किंवा वायरीत एखादा जोड सैल आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष दुसरीकडे शोधायचा. म्हणजे आपटणं हीसुद्धा एक तपासणीच झाली, फक्त ती एकदाच आणि हळू करायची.

ओळखीपाळखीचे लोक आपले ‘मेलेले’ माउस माझ्याकडे आणून देतात. त्यातले बरेचसे मेलेले नसतातच. कुणाचा सेल उतरलेला असतो, कुणाच्या सेन्सरच्या भोकात एक केस अडकलेला असतो, कुणी डोंगल (बिनतारी माउसशी बोलणारा, संगणकात खोचायचा इवला तुकडा) अशा जागी खोचलेला असतो की त्याचा आवाज माउसपर्यंत पोचतच नाही. जे खरोखर बिघडलेले असतात त्यांच्या दुखण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: डाव्या बटणाखालचा स्विच, स्क्रोलच्या चाकाला जोडलेला एन्कोडर, वायर जिथे माउसात शिरते ती मान, आणि वरचा रबरी थर. दुरुस्ती करताना या चार जागा पाहायच्या आणि नवा माउस हातात घेतला की त्याच चार जागा पारखायच्या. म्हणून दोन्ही गोष्टी इथे एकत्र लिहितो आहे.

माउसशिवाय तोवर काम

तपासणी करायची तर संगणक हाताळता आला पाहिजे. विंडोजची कळ दाबून हवं ते टाइप केलं की सेटिंग्ज उघडतात, टॅबने पुढच्या चौकटीवर जाता येतं, एंटर म्हणजे क्लिक, ऑल्ट आणि एफ४ म्हणजे खिडकी बंद. कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग असेल तर आणखी सोय आहे. डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, समोर आलेल्या प्रश्नाला होकार द्या. आता ८, २, ४, ६ या कळांनी कर्सर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकतो आणि ५ ने क्लिक होतं. गोगलगायीच्या चालीने का होईना, काम निभतं.

पहिली पायरी: दोषी कोण ते ठरवा

इथे घाई केली की पुढचा सगळा वेळ वाया जातो. माउस, पोर्ट, संगणक, सॉफ्टवेअर आणि खालचा पृष्ठभाग असे पाच संशयित आहेत. एका वेळी एकच बदलायचा.

माउस हबमध्ये, म्हणजे एका पोर्टाची अनेक पोर्टं करणाऱ्या डबीत, खोचला असेल तर काढून थेट संगणकाच्या पोर्टात लावा. मग दुसऱ्या पोर्टात. मग दुसऱ्या संगणकाला. आणि जमलं तर दुसरा चालू माउस याच संगणकाला. हा माउस तिकडेही तसाच वागत असेल तर गुन्हेगार सापडला. तिकडे नीट चालत असेल तर माउस उघडायच्या भानगडीत पडू नका.

कर्सर मधूनच अडकतो आणि त्याच क्षणी कीबोर्डवरची अक्षरंही उशिरा उमटतात का, हे बघा. तसं होत असेल तर संगणकच दमलेला आहे, माउस बिचारा निर्दोष. काही वेळ हात न लावल्यावर माउस ‘झोपतो’ आणि उठायला नखरे करतो, अशी तक्रार असेल तर वीज वाचवण्याची सेटिंग पाहा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी एक खूण असते. ती काढा. आणि लॅपटॉपवर कर्सर आपोआप उड्या मारत असेल तर टाइप करताना तळहात टचपॅडला लागतोय का ते आधी तपासा. यात मी स्वतः एकदा आख्खा माउस खोलून बसलो होतो.

दुसरी पायरी: खालची जमीन आणि सेन्सरचा डोळा

आजचा माउस म्हणजे पोटाशी छोटा कॅमेरा बांधलेली डबी. एलईडी किंवा लेसरचा उजेड तिरका टाकायचा, पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त बारीक फोटो काढायचे, लागोपाठच्या दोन फोटोंमध्ये खडबडीतपणाची नक्षी किती सरकली ते मोजायचं, आणि तेवढं अंतर संगणकाला कळवायचं. हे ध्यानात आलं की निम्म्या तक्रारी आपोआप उलगडतात. स्वच्छ काचेवर किंवा आरशावर नक्षीच नाही, मग कॅमेऱ्याने बघायचं काय? चकाकत्या टेबलावर कर्सर नाचतो तो यामुळे. एक साधा पांढरा कागद खाली ठेवून पाहा. कर्सर सरळ झाला तर हवं आहे ते माउस पॅड; नव्या माउसची गरज नाही.

कागदावरही नाचत असेल तर माउस उलटा करून भोकात टॉर्च मारा. एक केस, कापडाचा धागा, एवढंच पुरतं. फोटोत तो कायम एकाच जागी दिसतो, त्यामुळे सेन्सरला वाटतं की आपण हललोच नाही. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे भिंगावर जातात. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून भिंगाच्या कडेने फिरवा आणि सुकू द्या. नेलपॉलिश काढायचं द्रावण हाताशी आहे म्हणून ते वापराल तर त्यातल्या अ‍ॅसिटोनने प्लास्टिक विरघळेल आणि भिंग कायमचं धुरकट होईल.

खालचा दिवा लागत नाही म्हणून माउस बंद आहे असं लगेच समजू नका. बऱ्याच माउसचा उजेड इन्फ्रारेड असतो, डोळ्यांना दिसत नाही. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून भोकाकडे पाहा, बहुतेक फोनवर फिकट जांभळा ठिपका दिसतो.

सेन्सर खरोखर ठीक आहे का हे बघायला चित्र काढण्याचं कोणतंही साधं सॉफ्टवेअर उघडा. हळू आडवी रेघ, मग भरभर गोल. हळू रेघेत दातरे आले किंवा वेगात रेघ मध्येच तुटून दुसरीकडे उमटली, तर सेन्सर किंवा पृष्ठभाग. रेघ स्वच्छ पण हाताला अवजड वाटते, तर तळाच्या पट्ट्या झिजल्या आहेत. त्यांच्याबद्दल पुढे येईल.

तिसरी पायरी: बिनतारी असेल तर

सेल बदला. बदलले आहेत असं वाटत असलं तरी बदला, आणि ते ज्यांची खात्री आहे अशा सेलने. अल्कलाइन सेल नवा असताना १.५ व्होल्ट देतो, रिचार्ज होणारा निकेल सेल १.२ च्या आसपास. काही माउस त्यामुळे रिचार्जेबल सेलवर ‘बॅटरी कमी’ असं लवकर ओरडतात, तो बिघाड नव्हे.

सेलच्या कप्प्यात पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर सेल गळला आहे. ते क्षार त्वचेला जाळतात, म्हणून हातमोजे घाला. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा थेंब घेऊन पत्र्यावर फिरवा, फसफसणं थांबलं की अल्कोहोलने पुसा, आणि मग बारीक सँडपेपरने पत्र्याला चमक येईपर्यंत घासा. स्प्रिंग काळी पडून तुटायला आली असेल तर मात्र घासून उपयोग नाही.

सेल ठीक, तरी कर्सर गचके खातो? डोंगल कुठे आहे ते बघा. संगणकाच्या मागच्या बाजूला, लोखंडी डब्याच्या आड, शेजारी बाहेरची हार्ड डिस्क, अशी मांडणी फार ठिकाणी दिसते. हे डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात आणि यूएसबी ३.० ची उपकरणं व वायरी नेमक्या याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं, पण आजही लोक डोंगलला नावं ठेवून मोकळे होतात. उपाय सोपा आहे. यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन वायर घ्या, डोंगल तिच्या टोकाला लावा आणि ते टोक टेबलावर माउसपासून हातभर अंतरावर आणा. गचके जादूसारखे जातात.

ब्लूटूथवाला माउस असेल तर संगणकाच्या यादीतून तो काढून टाकून नव्याने जोडा. आणि कर्सर भुताने झपाटल्यासारखा फिरत असेल तर बॅगेत ठेवलेला दुसरा जोडलेला माउस चालूच राहिला नाही ना, हेही बघा.

चौथी पायरी: वायरीची मान

वायरवाला माउस अधूनमधून बंद पडून ‘टुंग’ असा जोडणीचा आवाज येत असेल तर वायर आतून तुटली आहे, जवळजवळ नक्की. तुटते ती बहुधा माउसच्या तोंडाशी, कारण सगळी वाकवावाकवी तिथेच होते. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये बनवलेल्या पहिल्या लाकडी माउसमध्ये वायर मागे, मनगटाच्या बाजूला होती. ती पायात पायात येते म्हणून पुढे नेली. तेव्हापासून ती पुढच्या तोंडाशी मान वाकवून उभी आहे.

तपासणी: माउस टेबलावर स्थिर ठेवा, दुसऱ्या हाताने वायर मानेपाशी डावीकडे, उजवीकडे, वर अशी हळूच वाकवा. मग इंचभर पुढे सरकून पुन्हा. एखाद्या कोनात माउस जिवंत होतो आणि दुसऱ्यात मरतो, ती जागा सापडली. प्लगच्या बाजूलाही हेच करा.

सोल्डरिंग येत असेल तर तुटलेला भाग कापून उरलेली वायर पुन्हा जोडता येते. आत पाच व्होल्ट, ग्राउंड आणि माहितीच्या दोन अशा चार तारा असतात. कधी वेष्टणाची पाचवीही दिसते. यूएसबीत लाल, काळी, हिरवी, पांढरी असे रंग ठरलेले आहेत, पण स्वस्त माउसमध्ये उत्पादक सर्रास वेगळे रंग घालतात. रंगांवर विश्वास ठेवू नका. कापण्याआधी आतल्या सर्किटच्या प्लेटवरच्या जोडाचा फोटो काढा.

पाचवी पायरी: एक क्लिक केलं, दोन झाले

हा रोगांचा राजा. लक्षणं फसवी असतात. एका क्लिकने फोल्डर उघडतो, एक खिडकी बंद करायला जावं तर मागचीही बंद होते, आणि फाइल ओढून नेताना वाटेत हातातून सुटते. माझी एक फाइल अशीच ओढताना मधल्या भलत्याच फोल्डरमध्ये पडली. अर्धा दिवस ‘डिलीट झाली’ म्हणून मी डोक्याला हात लावून बसलो होतो. माउसचा संशय आला तो दुसऱ्या फाइलच्या वेळी.

खात्री अशी करा. नोटपॅडमध्ये भरपूर मजकूर टाका आणि शब्दांच्या मधोमध एकेक क्लिक करत जा, दोन क्लिकमध्ये पूर्ण सेकंद जाऊ द्या. एखादा शब्द आपोआप निवडला गेला तर डबल-क्लिक झालं. पन्नास-साठ वेळा करा, कारण दहा वेळा केलं तर रोग लपून राहतो. मग बटण दाबून धरून मजकुरावरून लांब, हळू ओढा, मध्येच निवड तुटते का पाहा. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘इव्हटेस्ट’ हे साधन प्रत्येक दाब वेळेसकट दाखवतं, तिथे तर चोर रंगेहाथ सापडतो.

असं का होतं? बटणाखाली बोटाच्या पेरापेक्षा लहान मायक्रोस्विच असतो. त्यात तांब्याच्या मिश्रधातूची ताणलेली पातळ पत्ती. दाबली की टिक करून दुसऱ्या टोकावर जाते, सोडली की परत येते. कोणतीही पत्ती आदळल्यावर किंचित थरथरते, म्हणजे वीज क्षणात चार-पाच वेळा जोडते-तोडते. माउसमधली चिप यासाठी काही मिलिसेकंद थांबते आणि तेवढ्यातली थरथर दुर्लक्षते. पत्तीचा ताण गेला किंवा टोकावर गंजाचा पापुद्रा धरला की थरथर चिपच्या सहनशक्तीपलीकडे लांबते आणि संगणकाला दोन क्लिक पोचतात. माउसमधला प्रवाह इतका कमी असतो की तो पापुद्रा जाळून टाकायची ताकद त्यात नसते.

यावर लोक सेटिंग्जमध्ये डबल-क्लिकचा वेग बदलत बसतात. व्यर्थ आहे. विंडोजची नेहमीची मर्यादा ५०० मिलिसेकंद, आणि पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी ती २०० च्या खाली जात नाही. थरथरीतले दोन क्लिक त्याहून कितीतरी जवळ असतात.

खरे उपाय, सोप्याकडून अवघडाकडे. माउसच्या उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डिबाउन्स’ची, म्हणजे थरथर दुर्लक्षण्याची, वेळ वाढवायची सोय असेल तर ती दोन-चार मिलिसेकंदांनी वाढवा. नसेल तर दुसरी टिचकी गिळून टाकणारी छोटी सॉफ्टवेअरं मिळतात. तात्पुरतं भागवायचं तर सेटिंग्जमध्ये डावं-उजवं बटण अदलाबदल करा. बोटांना आठवडाभर सवय लागत नाही, पण काम चालतं. माउस उघडून स्विचच्या लाल किंवा पांढऱ्या ठिपक्याशी कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करायच्या द्रावणाचा) थेंब सोडून पन्नास-शंभर वेळा दाबल्यास पापुद्रा निघतो, मात्र पत्ती थकली असेल तर हा दिलासा काही दिवसांचा. कायमचा इलाज म्हणजे स्विच बदलणं. तीन पाय उतरवायचे, तीन पाय जोडायचे, इतकंच. ओमरॉन, कैल, हुआनो, टीटीसी अशा कंपन्यांचे स्विच सुटे मिळतात आणि यातल्या बहुतेकांचा आकार सारखाच असतो. स्विच नाही मिळाला तर त्याच माउसचं उजवं बटण आहे. त्यावर कामाचा ताण फारच कमी पडलेला असतो. डावा काढून तिकडे, उजवा इकडे.

सहावी पायरी: चाक

पान खाली सरकवताना मध्येच वर उडी मारतं, हे एन्कोडरचं दुखणं. चाकाच्या आसाला जोडलेला हा चौकोनी डबीसारखा भाग चाक कोणत्या दिशेला किती खाचा फिरलं ते सांगतो. आत धातूची बोटं धातूच्याच चकतीवर घासत असतात, म्हणजे धूळ आणि झीज दोन्ही ठरलेलीच. काही माउसमध्ये चाकाला आरे असतात आणि त्यांतून उजेड जातो-अडतो. तिथे गुन्हेगार बहुतेक वेळा गुंडाळलेला केस असतो आणि चिमट्याने ओढून काढला की झालं. यांत्रिक एन्कोडरच्या फटीत थेंबभर अल्कोहोल सोडून चाक मिनिटभर फिरवा. बदलायचाच झाला तर आधीच्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून तेवढाच घ्या. चुकीच्या उंचीचा बसवला तर चाक एक तर कवचाला घासतं किंवा आत बुडतं.

उघडायचाच झाला तर

वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका, बदलून घ्या. नसेल तर वायर किंवा सेल काढा आणि उलटा करा. स्क्रू दिसत नाहीत? ते तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली किंवा स्टिकरखाली असतात. स्टिकरवर बोट फिरवलं की खड्डा लागतो, तिथे स्क्रू. पट्ट्या काढताना हेअर ड्रायरने थोडं गरम केलं तर डिंक सैल पडतो आणि पट्टी वाकत नाही. वाकलेली पट्टी पुन्हा सपाट होत नाही.

स्क्रू निघाले की जोर लावून झाकण उचकटू नका. वरचं आणि खालचं कवच यांच्यात अनेकदा पातळ रिबन वायर असते आणि पुढच्या बाजूला प्लास्टिकचे आकडे. मागून उचला, पुढे सरकवा, मग उघडा. चाकाशी एक केसासारखी बारीक स्प्रिंग असते जिचा एकमेव छंद उडून सोफ्याखाली जाणं हा आहे. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. रिचार्जेबल माउसमधली लिथियम बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोकदार वस्तू लावू नका, दुरुस्तीही तिथेच थांबवा.

सेन्सरची चिपच गेली असेल, किंवा प्लेटवर द्रव पदार्थ सांडून तांब्याच्या रेघा खाल्ल्या गेल्या असतील, तर माझ्या मते मेहनतीला अर्थ नाही.

नवा माउस पारखताना

आता खोक्यावर काय छापलंय ते थोडा वेळ विसरा आणि माउस हातात घ्या.

कानाशी धरून हलवा. खुळखुळ आवाज फक्त चाकाचा, तोही बारीक, चालेल. बाकी काही वाजायला नको. मग दोन्ही बाजूंनी अंगठा आणि करंगळीने पिळा, जसं घाईत उचलताना पिळलं जातं. कुरकुर झाली किंवा कवच आत दबून बाजूचं बटण आपोआप दाबलं गेलं, तर ठेवून द्या. वरून तळहाताने दाबल्यावर क्लिक झालं तर तर नक्कीच.

बटणं टोकाशी, मध्यावर आणि तळहाताकडच्या बाजूला दाबून बघा. मागे दाबताना थोडा जोर जास्त लागतो, ते साहजिक आहे, पण मध्यावरच क्लिक होईना तर बिजागरी वाईट आहे. स्वस्त माउसमध्ये बटण आणि पाठ एकाच प्लास्टिकच्या तुकड्याची असतात आणि तो तुकडा वाकून क्लिक होतं. यात वाईट असं काही नाही, मात्र बटण वेगळं आणि त्याला स्वतःची स्प्रिंग असेल तर दाब एकसारखा लागतो. बटण डावी-उजवीकडे ढकलून बघा. किंचित हललं तर चालेल, शेजारच्या बटणाला टेकलं तर नको. दाबण्याआधी जी पोकळी जाणवते, म्हणजे बटण खाली जातं पण टिक होत नाही, ती जितकी कमी तितकं जुळवणीचं काम चोख.

आणि एक गोष्ट फार जण करत नाहीत: डाव्या आणि उजव्या बटणाचा आवाज एकापाठोपाठ ऐका. स्विच बहुधा सारखेच असतात, म्हणून आवाजही जवळपास सारखा हवा. एक टणक आणि एक बोदा असेल तर आतली जुळवणी ढिसाळ. वापरलेला माउस घेताना तर ही कसोटी सोन्यासारखी आहे. उजवं बटण कमी वापरलेलं असतं, म्हणजे हा माउस नवा असताना कसा होता याचा नमुना तिथेच मिळतो. डावं त्याच्यापेक्षा जितकं मऊ लागेल तितकं आयुष्य गेलं.

चाक बोटाने आडवं ढकला, आस डुगडुगता कामा नये. प्रत्येक खाच वेगळी लागली पाहिजे. चाक दाबताना ते एखादी खाच पुढे सरकलं, तर मधल्या क्लिकने दुवे उघडणाऱ्यांना रोजचा वैताग.

माउस उलटा करा. तळाच्या पट्ट्या चांगल्या माउसमध्ये टेफ्लॉनच्या, जाड आणि कडा गोल केलेल्या असतात. हलक्या दर्जाच्या माउसमध्ये त्या पातळ प्लास्टिकच्या असतात आणि महिन्या-दोन महिन्यांत तळच घासायला लागतो. सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबा, डुलला तर कवचच वाकडं आहे. वायर असेल तर तिची मान बघा: रबरी बाही लवचिक आणि बोटाच्या एका पेराएवढी तरी लांब हवी. कडक बाही असेल तर वाकण्याची जागा फक्त तिच्या टोकाला सरकते. बिनतारी असेल तर डोंगल ठेवायला पोटात कप्पा आहे का आणि सेलचं झाकण सैल नाही ना, एवढं पुरे.

वजनावरून दर्जा ठरवू नका. जड म्हणजे भक्कम ही आपली जुनी समजूत उत्पादकांनाही ठाऊक आहे, म्हणून काही माउसच्या पोटात निव्वळ लोखंडाचा तुकडा स्क्रूने बसवलेला असतो. मी उघडून पाहिले आहेत. उलट बाजूला, साठ ग्रॅमच्या आसपासचे खेळाचे माउस पिळूनही कुरकुरत नाहीत, कारण कवचाला आतून फासळ्या दिलेल्या असतात.

हाताला मखमली लागणारा रबरी थर दुकानात मोहात पाडतो. माझं मत विचाराल तर टाळा. घामाने आणि हवेतल्या दमटपणाने तो काही वर्षांत विरघळल्यासारखा चिकट होतो. मग अल्कोहोलने घासून सगळा काढावा लागतो आणि खालून निघतं ते साधं काळं प्लास्टिकच. खरखरीत साधं प्लास्टिक पहिल्यापासूनच घ्यावं.

खोक्यावरचे आकडे आता पाहू. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकल्यावर किती पावलं मोजतो. ८०० डीपीआयला, वेगाची सेटिंग मधोमध असेल तर, १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा पार करायला २.४ इंच पुरतात. १६०० ला तेवढ्याच हालचालीत ३८४० पिक्सेलचा. मग २०,००० घेऊन काय करणार? पोलिंग रेट म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा कळवतो: १२५ म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, १,००० म्हणजे दर १ मिलिसेकंदाने. वेगवान खेळ खेळणाऱ्याला फरक पडतो, पत्रं आणि हिशोब करणाऱ्याला नाही.

स्विचचं आयुष्य १ कोटी, २ कोटी, ५ कोटी क्लिक असं छापलेलं असतं. दिवसाला ५,००० क्लिक धरले तर वर्षाचे १८ लाखांच्या वर जातात, म्हणजे १ कोटीवालाही पाच वर्षं पुरायला हवा. तरी वर्षभरात डबल-क्लिक का सुरू होतं? कारण तो आकडा पत्ती तुटेपर्यंतच्या दाबांचा असतो, गंजाचा पापुद्रा आणि थरथर त्यात धरलेली नसते. ज्याला हा रोग पुन्हा नको त्याने ऑप्टिकल स्विचचा माउस पाहावा. त्यात पत्तीने वीज जोडण्याऐवजी उजेडाची तिरीप अडते किंवा सुटते, धातूला धातू टेकावा लागत नाही, म्हणून थरथरीचा प्रश्नच येत नाही. टिचकीचा आवाज काहींना जरा वेगळा वाटतो, एवढंच.

आकार मात्र दुसऱ्या कुणाला विचारून ठरत नाही. तळहात पूर्ण टेकवता, की बोटं वाकवून पकडता, की फक्त बोटांच्या टोकांनी सरकवता, त्यावर पाठीचा उंचवटा आणि लांबी अवलंबून आहे. पाच मिनिटं हात ठेवून बघा. करंगळी टेबलावर घासत असेल तर माउस अरुंद, चाकापर्यंत पोचायला बोट ताणावं लागत असेल तर लांब. डावखुरे असाल तर दोन्ही बाजू सारख्या असलेलाच पाहा, आणि बाजूची बटणं तुमच्या अंगठ्याच्या बाजूला आहेत की करंगळीच्या, हे तपासूनच पुढचं ठरवा.

जुना माउस टाकून देण्याआधी त्याचा उजवा स्विच, एन्कोडर, वायर शाबूत असेल तर वायर, आणि ते इवले स्क्रू काढून डबीत ठेवा. लिथियम बॅटरी असेल तर ती वेगळी काढून बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात नको. डबीवर माउसचं नाव लिहायला विसरू नका. माझ्याकडे असे अकरा स्विच आहेत आणि त्यातले चालू कुठले ते दरवेळी मीटर लावून बघावं लागतं.